बैलाचे मागचे पाय

मडिवाळप्पाला कुणी विचारलं, की बाबा, तू नाटकात काय होतोस, तर तो जरा थांबायचा आणि मग सांगायचा, "बैल." हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बैलाचं तोंड, डोळे, शिंगं, बोलणं आणि पुढचे पाय हा सगळा थाट ग्यानोबा हमालाकडे होता. मडिवाळप्पाच्या वाट्याला मागचे दोन पाय आणि शेपूट एवढंच आलं होतं. लातूरच्या अडत बाजारात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे तो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला, की कुणीतरी जाता जाता हटकायचंच, "काय अप्पा, आज शेपूट हलवायला कोण्या गावाला?"

तो हसायचा आणि सुईत सुतळी ओवायचा. फाटकी पोती शिवणं हा त्याचा धंदा. हमालांच्या आकड्यांनी पोती फाटायची आणि मडिवाळप्पा ती दाभणानं पुन्हा धडकी करायचा. एकदा तेच दाभण हातातून निसटून उजव्या पायाच्या अंगठ्यात शिरलं होतं. तेव्हापासून तो अंगठा वाकडा झाला होता आणि त्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. ह्या अंगठ्याचं पुढे काम पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

बैल मुळात अमृतराव गुरुजींच्या डोक्यातून निघाला. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे. पोरं पाढे म्हणतात, कविता म्हणतात, पण डोळे विस्फारून बघावं असं शाळेत काही नसतं, हे त्यांचं दुखणं होतं. म्हणून त्यांनी 'सोन्या रुसला' नावाचं नाटक लिहिलं आणि फाटकी पोती मागायला बाजारात आले. बांबूच्या कामट्यांवर पोती ताणून मडिवाळप्पानं बैल उभा केला. पहिल्या खेळाच्या दिवशी मागचे पाय होणारा शाळेचा शिपाई ऐन वेळी लाजून पळाला. मडिवाळप्पा तेव्हा पोटाचा उसवलेला टाका घालायला आत शिरला होता. तो मग आतच राहिला.

घरी जगदेवीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे ऐकलं आणि ती गंभीर झाली. लिंगायताचं घर, बैल म्हणजे साक्षात बसवण्णा. ती म्हणाली, "बसवण्णाच्या पोटात जायलाव, तोंडात तंबाखू ठेवून जाऊ नगा. आन् आत बोलू नगा." तेव्हापासून मडिवाळप्पा आधी चूळ भरायचा, गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा, बैलाच्या पाठीला नमस्कार करायचा आणि मगच आत वाकायचा. ग्यानोबा सुरुवातीला फिदीफिदी हसला. पुढे तोही गुपचूप चूळ भरायला लागला. गुरुजींनी तर आत न बोलण्याचा नियमच करून टाकला. बोलायचं ते तोंडानं, म्हणजे ग्यानोबानं. मागच्यानं फक्त चालायचं.

नाटक असं, की सोन्या नावाचा बैल पाऊस न आल्यामुळे रुसतो आणि पावसाचं घर शोधायला निघतो. वाटेत तो समोर बसलेल्या पोरांनाच विचारतो, "पावसाचं घर कुठं हाय?" पोरं जागच्या जागी उठून वाट सांगायची. कुणी म्हणायचं डोंगराच्या मागं, कुणी म्हणायचं मामाच्या गावाला. एका पोरानं तर तालुक्याच्या कचेरीत जायला सांगितलं होतं आणि ते ऐकून त्याचे मास्तरच आधी हसले. सांगेल त्या दिशेला बैल वळायचा. मोठ्यांसमोर नाटक करणाऱ्यांना टाळी मिळते, मान मिळतो, सगळं मिळतं. पण पहिलीतलं पोरगं ज्या विश्वासानं पावसाचा पत्ता सांगतं, तो विश्वास त्यांना कुठून मिळायचा!

आत मडिवाळप्पा कमरेत वाकून ग्यानोबाचा पट्टा धरून चालायचा. तागाच्या विणीतून ऊन गाळून आत यायचं. पोत्यांना ज्वारीचा, करडीचा, जुन्या हरभऱ्याचा वास असायचा. पोरांचे आवाज लांबून, एखाद्या विहिरीच्या तळाशी बसून ऐकावेत तसे यायचे. त्या उजेडात आणि वासात त्याला गुंगी आल्यासारखं व्हायचं. आपण शाळेच्या अंगणात गोल फिरतोय हे तो विसरायचा. एका मोठ्या रानातून चाललोय, ज्वारी पोटऱ्यात आलीय आणि आता ते पावसाचं घर दिसेलच, असं त्याला वाटत राहायचं. खेळ संपला, की बाहेर निघताना तो झोपेतून उठवल्यासारखा दिसायचा.

पण एक गोष्ट त्याला दिसायची नाही, ती म्हणजे पोरांची तोंडं. त्याला दिसायच्या ग्यानोबाच्या टाचा, जमीन आणि कापडाच्या काठाशी आलेले पोरांचे पाय. शेणानं सारवलेली शाळा, शहाबादी फरशीची शाळा, मुरमाचं अंगण, हे सगळं त्याला पाठ होतं. धुळीनं पांढरे झालेले पाय, भेगाळलेले पाय, भीतीनं एकमेकांवर चढलेले पाय त्याला दिसायचे. बैल बघताना पोरांचे पाय असे होतात, तर त्यांची तोंडं कशी होत असतील? परतीच्या वाटेवर बैल एस.टी.च्या टपावर आणि हे तिघे आत, अशा वेळी तो न चुकता विचारायचा, "ग्यानोबा, पोरं कशी दिसत व्हती?"

"पोरावानी," ग्यानोबा म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

असा हा माणूस. पोरांची तोंडं बघायला मिळावीत एवढी एकच हाव त्याला होती आणि तीही पुरी होण्याजोगी नव्हती, कारण तो बुटका होता. तो पुढे गेला असता तर बैल उताराला लागल्यासारखा दिसला असता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आदल्या साली पाऊस निदान तोंड दाखवून गेला होता, त्या साली तेवढंही नाही. बाजारात माल येईना, पोती रिकामी पडली. माणसं खडी फोडायला गेली आणि पोरं शाळेत सुकडी खायला येऊ लागली. जळकोटच्या अंगाला एक छोटं गाव होतं. तिथल्या हेडमास्तरांनी गुरुजींना निरोप धाडला, की पोळ्याला या. गावात एक बैल उरला नाही. काही विकले, काही चाऱ्यावाचून मेले. निदान पोरांना तरी बैल दिसू दे.

हे तिघे गेले. शाळेच्या अंगणात पोरं बसली होती आणि मागे सगळं गाव उभं होतं. आत वाकलेल्या मडिवाळप्पाला त्या दिवशी काहीतरी वेगळं जाणवलं. पोरं पावसाच्या घराची वाट सांगत होती, पण आवाज दबलेले होते. कापडाच्या काठाशी एक पाय त्याला सारखा दिसत होता. मुलीचा पाय होता, घोट्यावर भाजल्याचा लांबट डाग होता. बैल वळेल तिकडे तो पाय सरकत होता.

नाटकात एक जागा अशी होती, की चालून चालून सोन्या थकतो आणि मटकन बसतो. गुरुजी गाणं म्हणतात, पोरं ठेका धरतात, ग्यानोबा कोपरानं खूण करतो आणि मग बैल उठतो. बैल उठतो तो मागून. आधी मागचे पाय, मग पुढचे. त्यामुळे ती एक जागा मडिवाळप्पाची होती. एरवी सोन्या बसला, की पोरं टाळ्या पिटून हसायची.

त्या गावात कुणी हसलं नाही. सोन्या बसला आणि अंगण एकदम गप्प झालं. गुरुजींनी गाणं सुरू केलं, पण त्यांनाही ते पुढे नेता येईना. त्या पोरांनी दोन महिन्यांत बसलेली जनावरं बघितली होती. दुष्काळात बसलेलं जनावर उठत नाही, आणि आपणहून न उठलेल्याला उठवायचं कसं, हे त्यांना घरोघरी दिसलं होतं. कुठलंसं पोरगं रडायला लागलं. मग एकदम पायांचा धुरळा उडाला आणि सगळी पोरं बैलाला येऊन भिडली. कुणी पोटाखाली हात घातले, कुणी मान धरली, कुणी शेपटीला धरून वर ओढायला लागलं. ग्यानोबा आत पुटपुटला, "आरं, काय करायलेत हे!"

डाग असलेला पाय मडिवाळप्पाच्या अगदी जवळ आला. दोन लहान हात पोत्यावरून त्याच्या कमरेखाली शिरले आणि जोर लावू लागले. "ऊठ रं सोन्या, ऊठ," ती पोरगी दात आवळून म्हणत होती. "आमचा राजा बसला तो उठलाच न्हाई. तू तरी ऊठ."

खुणेची वाट बघायची असते, हे मडिवाळप्पाच्या ध्यानातच राहिलं नाही. त्या हातांच्या जोरासरशी तो उठला. ग्यानोबाला पत्ताच नव्हता. तो नाकावर आपटता आपटता सावरला आणि कसाबसा पुढून उभा राहिला. बैल उठला. तेव्हा गावात जो आवाज उठला, त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. म्हाताऱ्या बायासुद्धा रडत होत्या आणि हसतही होत्या.

पुढचं नाटक झालंच नाही. पोळ्याचा दिवस, गावात दुसरा बैल नाही, आणि हा बसलेला उठला. बायांनी ताट आणलं. आत दोन माणसं आहेत हे काय त्यांना कळत नव्हतं? पाय दिसतच होते. तरी त्यांनी बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, शिंगांना दोरा बांधला, तोंडापुढे सुकडीचा नैवेद्य धरला. सगळी गर्दी पुढे तोंडाशी होती. मागे फक्त ती पोरगी उरली. तिच्या हातात तांब्या होता आणि तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी होतं. तिनं ते थेंब थेंब करून मडिवाळप्पाच्या पायांवर सोडलं आणि बोटांनी धूळ पुसली. वाकड्या अंगठ्यापाशी तिची बोटं थांबली. चिरलेल्या नखावरून तिनं हळूच बोट फिरवलं.

मडिवाळप्पाच्या पायांना तोवर कुणी असा हात लावला नव्हता. तो आत उभ्या उभ्या रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"पुढल्या पोळ्याला येशील?" पोत्याला तोंड लावून पोरीनं विचारलं.

बोलायची तर बंदी होती. मडिवाळप्पानं उजवा पाय उचलला आणि जमिनीवर एकदाच आपटला. पोरगी खुदकन हसली. कुणीतरी लांबून हाक मारली, "ए गुणा, चल बाजूला हो," आणि तो पाय काठाशी दिसेनासा झाला.

पायानं दिलेला असला, तरी शब्द तो शब्दच. आणि तो पाळता येईना. पुढल्या सालचा पोळा यायच्या आत गुरुजींची बदली झाली, ती थेट नांदेडकडे, नायगावला. पाऊस आला, बाजारात माल आला, ग्यानोबाला पाठ टेकायला उसंत मिळेना. बैल पोत्यांच्या गोदामात आढ्याला टांगला गेला. दरवर्षी पोळ्याच्या आधी मडिवाळप्पा तो खाली काढायचा, उंदरांनी कुरतडलेल्या जागी टाके घालायचा आणि पुन्हा वर चढवायचा. जगदेवीला हे बघवत नसे.

"एवढं लागून राहिलंय तर जाऊन या की त्या गावाला," ती म्हणाली.

"अर्धा बैल कुठं जातो व्हय?"

"माणूस म्हणून जा."

"ती मला वळखंल कशी? आन् मी तिला?"

त्या पोरीनं त्याचा पाय बघितला होता आणि त्यानं तिचा. दोघांची तोंडं एकमेकांना परकी होती. दुपारी थप्पीवर डोळा लागला, की मडिवाळप्पाला ती दिसायची. कधी तिला लांब वेणी असायची, कधी ती जगदेवीच्या धाकट्या बहिणीसारखी दिसायची, कधी नुसता घोट्याचा डाग आणि वर ऊन. जागा झाल्यावर तो स्वतःवरच चिडायचा.

अशीच वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. गंजगोलाईत पेढे वाटले गेले, दुकानदारांनी पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खरडून काढलं, नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले. शाळांमधून नवे मास्तर आणि नव्या बाई लागल्या. गुरुजी रिटायर होऊन लातुरात राहायला आले. पुढच्या श्रावणात एक दिवस ते काठी टेकत बाजारात आले.

"मडिवाळप्पा, बैल हाय का रे?"

"हाय की."

"रेणापूरच्या पुढं एका शाळेत नव्या बाई लागल्यात. पोळ्याला बैल पाहिजे म्हणून मागं लागल्यात. कुठून माझं नाव काढलं कुणास ठाऊक."

ग्यानोबा आता पोती उचलून उचलून वाकला होता. त्याची उंची मडिवाळप्पाइतकीच राहिली होती आणि मानेवर बैलाचं डोकं पेलवत नव्हतं. तो म्हणाला, "अप्पा, आता तूच पुढं हो. मला मागं राहू दे. बघ एकदाची तुझी पोरं."

पोळ्याच्या दिवशी त्या शाळेत मडिवाळप्पानं दोनदा चूळ भरली. पुढे शिरला, डोकं मानेवर घेतलं आणि बैलाच्या तोंडातून बाहेर बघितलं. समोर पोरं होती. उघडी तोंडं, पडलेले दात, शेंबडी नाकं, एकानं मारे बोटं डोळ्यांवर धरली होती आणि फटीतून बघत होतं. ग्यानोबानं एवढी वर्षं हे बघितलं आणि म्हणे पोरावानी! मडिवाळप्पाला इतका आनंद झाला, की पावसाचं घर विचारायचं तो विसरून गेला. बैल नुसता उभा राहून पोरांकडे बघत होता. शेवटी एक पोरगीच उठून म्हणाली, "पावसाचं घर तिकडं हाय," आणि नाटक सुरू झालं.

सोन्या बसायची जागा आली. बैल बसला. ही पोरं चांगल्या पावसात वाढलेली होती. ती टाळ्या पिटून हसली, गुरुजींनी गाणं म्हटलं, आणि बैल काही उठेना. मागून ग्यानोबा कण्हत कुजबुजला, "गुडघे धरले रं अप्पा. काय केल्या उठवंना." गुरुजींनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. हसणं कमी कमी होत गेलं.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाई तिथून निघाल्या. सगळे बैलाच्या तोंडाकडे बघत असताना त्या वळसा घालून थेट मागे गेल्या. पदर खोचून त्या खाली बसल्या, पोत्याखाली हात घातले आणि जोर लावला.

"ऊठ रं सोन्या, ऊठ."

बैल पाठीवरची माशी हाकलायला मान वळवतो, तशी मडिवाळप्पानं मान मागे वळवली. सवयीनं त्याची नजर आधी खाली गेली. अनवाणी पाय, घोट्यावर लांबट डाग. मग त्यानं नजर वर नेली. इतक्या वर्षांत रंगवलेल्या एकाही तोंडाशी ते जुळत नव्हतं. साधं, सावळं, जोर लावून लाल झालेलं तोंड होतं. ते त्याला त्या सगळ्यांपेक्षा बरं वाटलं.

ग्यानोबा त्या हातांनिशी उठला आणि बैल उभा राहिला. पोरांनी एकच गिल्ला केला. बाईंनी तांब्या मागवला, त्या मागच्या पायांपाशी वाकल्या आणि इतक्या हळू बोलल्या, की तेवढं फक्त बैलालाच ऐकू आलं.

"पुढल्या पोळ्याला येतो म्हणला व्हतास."

ग्यानोबाला ह्यातलं काय माहीत असणार? बाई वाट बघत राहिल्या. त्यांनी मागचे पाय नीट निरखले. हमालाचे थोराड पाय, अंगठे सरळ. त्यांचं तोंड उतरायला लागलं.

मडिवाळप्पानं उजवा पाय उचलला आणि जमिनीवर एकदाच आपटला.

बाईंनी चमकून पुढे बघितलं. त्या उठून समोर आल्या आणि पुन्हा खाली वाकल्या. वाकडा अंगठा आणि चिरलेलं नख त्यांनी बघितलं, हळूच त्यावरून बोट फिरवलं. मग मान वर करून त्यांनी बैलाच्या तोंडात डोकावलं. आतले ओले डोळे त्यांना दिसले असणार.

"हे पाय पुढं आले व्हय," गुणाबाई म्हणाल्या.

पुढे असलेल्याला बोलायची परवानगी असते, हे मडिवाळप्पाला तेव्हा आठवलं.

"हाव," बैल म्हणाला.

तांब्या काठोकाठ भरलेला होता. गुणाबाईंनी तो सगळाच्या सगळा त्याच्या पायांवर ओतला.